घाटापलीकडचे आपले धर्मबंधू
(पळालेल्या गुलामांनी वसविलेल्या गावांची हकीकत)



ज्युबिलीच्या पुस्तकात आपल्या देवळाचा, आपल्या धर्मगुरूंचा आणि आपल्या वाडवडिलांच्या श्रमांचा इतिहास यावा हे योग्यच होय. मी मात्र ह्या पानांवर अशा लोकांची हकीकत सांगण्याचे योजिले आहे की जे आपल्या गावचे नव्हेत, आपल्या तालुक्याचेही नव्हेत. तथापि त्यांचा बाप्तिस्मा व आपला बाप्तिस्मा हे एकाच राजसत्तेच्या छत्राखाली झाले. त्यांची व आपली नावे एकाच पंचांगातील संतांची आहेत. आणि ज्या वैभवाचे अवशेष आपण वसईच्या किल्ल्यात पाहुण्यांना अभिमानाने दाखवितो, त्या वैभवाचे ओझे त्यांच्या पूर्वजांनी डोक्यावर वाहिले. उत्तर कानडा, म्हणजे आपण ज्याला कारवार जिल्हा म्हणतो, तेथील अरण्यात राहणारे सिद्दी ख्रिस्ती हे ते लोक होत.

आरंभ आपल्या शिवारापासूनच करतो. गासच्या शेजारी भुईगाव आहे. तेथे १९५६ साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. त्यापूर्वी १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारे येथे आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होता. ह्या नवव्या लेखात अशोक सांगतो की लोक आजारात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना प्रकारचे मंगलविधी करतात; पण दास व चाकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राणिमात्रांविषयी संयम बाळगणे हा खरा मंगलविधी होय. बावीसशे वर्षांपूर्वी हा उपदेश आपल्या बंदराच्या वेशीवर दगडात कोरून ठेविला होता. म्हणजे दास तेव्हाही होते, आणि त्यांची आठवण ठेवण्याची गरजही तेव्हापासून होती.

आता पोर्तुगीज अमदानीकडे येऊ. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांस दिला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. ह्या दोन शतकांत वसईच्या कोटात इतके उमराव राहिले की वसईचे ‘दों’ ही म्हणच पडली. त्यांचे वाडे, त्यांची देवळे, त्यांच्या पालख्या ह्यांविषयी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. पण त्या वाड्यांत पाणी कोण भरीत होते, छत्र्या कोण धरीत होते, पालख्या कोणाच्या खांद्यावर होत्या, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्यांपैकी पुष्कळ लोक आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, मुख्यत्वे मोझांबिकहून, जहाजात घालून आणलेले गुलाम होते. किल्ल्यातील पडक्या देवळांत उमरावांच्या थडग्यांच्या शिळा अजून वाचता येतात. गुलामाचे नाव कोरलेली शिळा मी तेथे पाहिलेली नाही.

गोव्यात तर हा व्यापार भर रस्त्यावर चाले. आर्चबिशपांच्या परिवारात नोकरीस असलेला डच गृहस्थ लिन्शोटेन १५८३ साली गोव्यात आला, आणि त्यामागून पंचवीस वर्षांनी फ्रेंच प्रवासी पिरार्द आला. दोघांनीही राजरस्त्यावर इतर मालाबरोबर माणसांचा लिलाव होत असल्याचे लिहून ठेविले आहे. १६९५ साली आलेल्या जेमेल्ली करेरी नावाच्या इटालियन प्रवाशाने तर एकेका पोर्तुगीजाच्या घरी तीस-तीस, चाळीस-चाळीस काफरी गुलाम असल्याचे नमूद केले आहे. ह्या गुलामांना बाप्तिस्मा देण्यात येई. जहाजातून उतरलेल्या मुलाला अशा रीतीने एकाच हंगामात दोन गोष्टी मिळत: एक धनी आणि एक ख्रिस्ती नाव. जन्माच्या वेळी आईने ठेविलेले नाव कोणी लिहून घेतले नाही.

हे वाचून आपल्या मनास यातना होतील, आणि व्हाव्यात. पवित्र सभेच्या इतिहासात ह्या बाबतीत उजेड व अंधार दोन्ही आहेत आणि त्यातले एकच सांगणे प्रामाणिकपणाचे नव्हे. १४५२ व १४५५ साली पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजास दिलेल्या आज्ञापत्रांत परधर्मीयांस दास्यात घालण्याची मुभा होती. १५३७ साली पोप तिसरे पॉल यांनी नव्या जगातील मूळ रहिवाशांस गुलाम करू नये असे बजाविले. १५६७ साली गोव्यात भरलेल्या प्रांतिक धर्मसभेने कोणास न्यायाने गुलाम म्हणता येईल व कोणास नाही ह्याची मर्यादा घालण्याचा यत्न केला. पण गुलामगिरीच अन्याय्य आहे असे म्हणण्यापर्यंत ती सभा गेली नाही. पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा उघड निषेध केला तो १८३९ साली. आणि त्या जुन्या आज्ञापत्रांतून निघालेल्या सिद्धान्ताशी आपला संबंध नाही असे रोमने स्पष्ट जाहीर केले ते तर २०२३ साली.

गुलाम मात्र रोमच्या पत्राची वाट पाहत बसले नाहीत. ते पळाले.

त्या काळचे गोवे लहान होते. बारदेश, तिसवाडी, साष्टी एवढाच जुना मुलूख. पूर्वेकडील डोंगराळ महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणून नदी ओलांडून पूर्वेस तोंड करून चालू लागलेल्या माणसास सह्याद्रीचा पायथा फार दूर नव्हता. घाट चढून गेले की काळी नदीच्या खोऱ्यातील निबिड अरण्य लागे. तेथे वाघ होते, हिवताप होता, पण धनी नव्हता. पोर्तुगालने गुलामांचा व्यापार १८३६ साली बंद केला. परंतु व्यापार बंद झाला म्हणजे गुलाम सुटला असे नव्हे. पोर्तुगीज राज्यात गुलामगिरीच रद्द झाली ती १८६९ साली, आणि त्यानंतरही सुटलेल्यांवर काही वर्षे धन्याची चाकरी लादलेलीच होती. इकडे कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने आपल्या मुलखातील कोर्टांत गुलामावरील मालकीचा हक्क मानावयाचा नाही असे ठरविले होते, आणि उत्तर कानडा १७९९ पासून कंपनीच्या अमलाखाली होता. ह्या दोन तारखांच्या दरम्यान, सव्वीस वर्षे, स्थिती अशी होती की घाटाखाली जो माणूस दुसऱ्याची मालमत्ता होता तोच घाटमाथ्यावर गेला की कोर्टाच्या लेखी कोणाचाही नव्हता. फरक एका रात्रीच्या चढणीचा होता. अर्थात पळून जाणाऱ्यांस हे कायदे वाचता येत नव्हते, आणि त्यांतील पुष्कळ जण ह्या तारखांच्या कितीतरी आधी गेले होते.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. सिद्दी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम जंजिरा उभा राहतो. मूळच्या हबशी गुलामांपैकी काही तलवारीच्या बळावर मोठ्या पदास चढले. मलिक अंबर लहानपणी विकला गेला, निजामशाहीचा कारभारी झाला, आणि १६१० साली त्याने वसविलेली खडकी पुढे औरंगाबाद म्हणून प्रसिद्धीस आली. जंजिऱ्याच्या सिद्दींनी तर १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत गादी सांभाळली. ती हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत आहे. कानड्याच्या सिद्दींपाशी किल्ला नव्हता, आरमार नव्हते, बखर लिहिणारा कारकून नव्हता. ह्यांतील सारेच पळून आलेले होते असेही नाही. काही मुक्त केलेले, काही घाटावरील जमीनदारांस विकलेले, काही दक्षिणेतील सुलतानांच्या पदरी असलेल्यांचे वंशज. तथापि अरण्यातील वाड्या वसविल्या त्या मुख्यतः गोव्याहून निसटलेल्या लोकांनी, असेच अभ्यासकांचे व खुद्द सिद्दींचे म्हणणे आहे.

हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला, सुपे आणि शिरसी ह्या तालुक्यांत त्यांची वस्ती विखुरलेली आहे. शेजारच्या धारवाड व बेळगाव जिल्ह्यांतही काही घरे आहेत. गर्डोळी, मैनळ्ळी, केंदलगेरी, गुंजावती ही त्यांपैकी काही गावे. गाव म्हणजे आपल्याकडे जशी दाट आळी असते तशी नव्हे. रानातील मोकळ्या जागेत पाच-दहा घरे, मग पुन्हा झाडी, मग पुन्हा दोन-चार घरे. जो माणूस कोणी तरी शोधीत येईल ह्या भीतीने घर बांधतो तो रस्त्याच्या कडेला बांधीत नाही. मध, शिकेकाई, रिठे गोळा करणे, शिकार, थोडीशी शेती ह्यांवर गुजराण. पुढे इंग्रज सरकारच्या जंगलखात्याने रान राखीव केले, कुमरी शेतीस आळा घातला, आणि पोटासाठी सिद्दी जमीनदारांच्या सुपारीच्या बागांत व भाताच्या शेतांत राबू लागले. लग्नासाठी वा आजारासाठी घेतलेले थोडे कर्ज बापाकडून मुलाकडे व मुलाकडून नातवाकडे जाई. ज्यांच्या आजोबांनी साखळी तोडली त्यांच्या नातवांस खतपत्राने बांधले. वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती १९७६ साली.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही लेखणी हाती घेतली ती सांगतो.

ह्या लोकांतील काही हिंदू आहेत, काही मुसलमान आहेत आणि काही कॅथॉलिक आहेत. यल्लापूरकडे जे हिंदू जमीनदारांच्या आश्रयास राहिले ते बहुतेक त्यांच्या देवदेवता मानू लागले. कॅथॉलिकांची वस्ती विशेषतः हल्याळ व मुंडगोडकडे. तीन धर्म असूनही ते आपणास एकच जात समजतात. एकाच नात्यागोत्यात तिन्ही धर्मांची घरे सापडतात, आणि नावापुढे तिघेही ‘सिद्दी’ हेच आडनाव लावतात. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की धन्यापासून पळालेल्या माणसाने धन्याचा धर्म का ठेवावा? तो धर्म त्याच्यावर बाजारात लादला गेला होता. अरण्यात कोणी विचारणारे नव्हते. धर्मगुरू तेथे रोज कोठून येणार? मिस्सा कोठली, पापनिवेदन कोठले? इनास, बस्त्याव, फ्रान्सिस, मारी ही नावे टाकून देणे अगदी सोपे होते; उलट त्या नावांनीच पळालेला गुलाम ओळखू येण्याचा धोका. तरी त्यांतील एका भागाने ती नावे ठेविली, गळ्यातील कुर्स ठेविला आणि मुलांस क्रुसाची खूण करावयास शिकविले.

माझी समजूत अशी आहे की त्यांनी धनी व प्रभू ह्यांतील भेद ओळखला होता. जो भेद धन्यास कळला नाही तो गुलामास कळला. संत पौलाने फिलेमोनास लिहिलेले चिमुकले पत्र आपल्यास ठाऊक आहे. फिलेमोनाचा दास अनेसिम निघून गेला होता. त्यास पौल परत पाठवितो आणि यजमानास विनवितो की आता ह्यास दास समजू नको, भाऊ म्हणून जवळ घे. वसईच्या आणि गोव्याच्या देवळांत हे पत्र दोन शतके होते. ते ऐकणारे फिलेमोन पुष्कळ होते. पत्राप्रमाणे वागणारे किती होते हे त्या अरण्यातील वाड्यांवरून दिसते. पण पत्र देवळात मागे बसलेल्या अनेसिमांनीही ऐकले असेल, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

त्यांच्या चालीरीतींकडे वळू. घरची भाषा कोंकणी, मराठी व कानडी शब्दांची भेसळ असलेली. आफ्रिकेतील मूळ भाषा राहिली नाही. निरनिराळ्या टोळ्यांतील माणसे एकाच जहाजात कोंबलेली असल्याने त्यांना आपसात बोलण्यासही धन्याचीच भाषा घ्यावी लागली. तथापि जे जिभेवरून गेले ते हातात राहिले. पोकळ लाकडावर कातडे चढवून केलेला त्यांचा ढोल ‘दमाम’ ह्या नावाने ओळखला जातो. आपल्या बखरींत ‘दमामा’ हा शब्द स्वारीपुढे वाजणाऱ्या नगाऱ्यासाठी येतो. येथे तो दिवसभराचे काम उरकल्यावर अंगणात वाजतो, आणि पुरुष व बायका दोघेही त्यावर नाचतात. बायकांत फुगडीही आहे. पूर्वजांस ते ‘हिरियारू’, म्हणजे वडीलधारे, म्हणतात व त्यांचे स्मरण तिन्ही धर्मांच्या घरांत केले जाते. कित्येकांस ह्यात अंधश्रद्धा दिसते. मला विचाराल तर, ज्यांच्या पूर्वजांची नावे विक्रीच्या दिवशीच पुसली गेली त्यांनी पूर्वजांस विसरण्याचे नाकारावे ह्यात दोष काढण्याचा अधिकार आपल्यास फारसा नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेस आपणही थडग्यांवर मेणबत्त्या लावतोच.

सर्वांत रम्य वस्तू म्हणजे त्यांच्या बायका शिवतात ती गोधडी. तिला ते ‘कवंदी’ म्हणतात. आपल्या आजीबाईंच्या हातची गोधडी ज्यांनी पांघरली आहे त्यांना ती पाहताच जवळची वाटेल, पण तिची रीत निराळी. खाली जुने लुगडे अंथरावयाचे. वर जुन्या कपड्यांचे रंगीत तुकडे ठेवावयाचे, पण मधून नव्हे, एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने. मोठ्या धाव्या टाक्यांच्या ओळी कडेने फिरत फिरत आत येतात आणि मध्यभागी येऊन संपतात. आधी आखलेले चित्र नसते. हाताला येईल तो तुकडा बाई नजरेने पारखून लावते. तान्ह्या मुलासाठी चिमुकली, मोठ्यांसाठी घरभर. कॅथॉलिक बाईच्या कवंदीत पुष्कळदा तुकड्यांचा क्रूस असतो, मुसलमान बाईच्या कवंदीत चंद्रकोर. परंतु चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची फुले लावण्याचा प्रघात सर्वांचा. फुलांवाचून कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात, आणि उघडी कवंदी पांघरावयास देणे बरे दिसत नाही. हेन्री ड्रेवाल नावाच्या अमेरिकन पंडितांनी ह्या कवंदींचा अभ्यास केला असून परदेशांतील प्रदर्शनांतही त्या मांडल्या गेल्या आहेत. घरोघर मात्र त्या अजून पाऊस व थंडी ह्यांसाठीच शिवल्या जातात.

असे गाव जगात एकटे नाही. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशात कार्ताहेना नावाचे बंदर आहे. स्पेनच्या राज्यात ते गुलामांच्या बाजाराचे मोठे ठिकाण होते. तेथे १६१० साली आलेले येशूसंघीय संत पीटर क्लेव्हर जहाज लागताच फळे, पाणी व औषध घेऊन तळघरात उतरत, आणि स्वतःस गुलामांचा सदैव गुलाम म्हणवीत. १६५४ साली ते देवाघरी गेले. १८८८ साली पोप तेरावे लिओ यांनी त्यांस संतपद दिले. त्याच बंदरातून पळालेल्यांनी दलदलीपलीकडील डोंगरांत कुंपणाची गावे उभारली. त्यांतील सान बासिलियो दे पालेंके हे गाव अजून नांदते आहे. गावकरी ज्यास आपला मूळपुरुष मानतात त्या बेंकोस बियोहोस १६२१ साली फाशी देण्यात आले, तरी गाव शरण गेले नाही. शेवटी १७१३ साली बिशप आन्तोनियो मारिया कासियानी मध्यस्थीस पडले, तह झाला, गावाचे स्वातंत्र्य मान्य झाले आणि त्यास संत बासिलांचे नाव मिळाले. २००५ साली युनेस्कोने तेथील भाषा, गाणी व मृतांसाठी चालणारे विधी ह्यांना मानवजातीचा ठेवा म्हणून गौरविले. आपल्या सह्याद्रीत तसा तह करावयास कोणी बिशप घाट चढून आले नाहीत.

आपल्या महाराष्ट्राचाही अशा एका गावाशी संबंध आहे. इंग्रज आरमाराने अरबांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकन मुले नाशिकजवळील शरणपूर येथे प्रोटेस्टंट मिशनने सांभाळली होती. त्यांतील विल्यम जोन्स हे १८६४ साली पूर्व आफ्रिकेत राबाई येथे गेले. पुढे त्यांच्या मिशनाच्या आवारात पळून आलेले गुलाम आश्रयास येऊन राहिले, आणि त्यांस परत देण्याची मागणी झाली तेव्हा प्रसंग कठीण झाला. १८८९ च्या पहिल्या जानेवारीस सुमारे चौदाशे जणांच्या मालकांस पैसे चुकते करून त्यांस मुक्तिपत्रे देण्यात आली. नाशिकच्या पाण्यावर वाढलेल्या, स्वतः गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाने पळून आलेल्यांस दार उघडे ठेविले, ही गोष्ट आपल्या मुलांनी शाळेत वाचावयास हवी होती.

सिद्दींच्या आजच्या स्थितीविषयी थोडे सांगून पुरे करतो. कर्नाटकातील १९७४ च्या कूळकायद्याने काहींस जमिनी मिळाल्या. १९७६ साली कारवारचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मुंडगोड येथे येशूसंघीयांनी त्यांच्यात शिक्षणाचे व संघटनेचे काम चालविले आहे. २००३ साली उत्तर कानड्यातील सिद्दींची अनुसूचित जमातींत गणना झाली; धारवाड व बेळगावकडील सिद्दींस त्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. त्याच २०२० साली शांताराम सिद्दी यांची कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नेमणूक झाली. त्या सभागृहात बसणारे ते पहिले सिद्दी होत. वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला, पण ज्यांचे गाव मुळात लपण्यासाठीच वसले होते त्यांच्यापाशी जुन्या वहिवाटीचा कागद कोठून असणार? दाव्यांच्या फायलींत हीच अडचण पुन्हा पुन्हा येते.

आपल्यापैकी पुष्कळ जण संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनासाठी जुन्या गोव्यास जातात. तेथील राजरस्त्यावरून चालताना, जेथे लिलाव होत असे, तेथे क्षणभर थांबावे. नंतर सवड असेल त्यांनी परतताना अनमोडचा घाट चढून रामनगरला यावे. तेथून एक रस्ता लोंढ्याकडे जातो व दुसरा जोयडे-दांडेलीच्या रानात शिरतो. दांडेलीच्या पुढे हल्याळ आहे. आयतारी मिस्सेच्या वेळेस पोहोचलात तर प्रार्थना कोंकणीत ऐकू येतील, आणि बाकावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचे नाव कदाचित तुमच्या आजोबांचेच असेल.